दुसऱ्या पायरीचे मानकरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भारतातली फुटबॉलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा आजवर कोणकोणत्या संघांनी जिंकली, असं विचारलं तर खेळाची आवड असलेला माणूस चार-सहा नावं सहज सांगेल. मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स, आपल्या मुंबईचा महिंद्रा युनायटेड. पण त्याच स्पर्धेची दुसरी श्रेणी कोणी जिंकली, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. दुसऱ्या श्रेणीत पहिला येणं म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, आणि भारतीय फुटबॉलची गेल्या पंचवीस-तीस वर्षांची खरी कहाणी या दुसऱ्या पायरीवरूनच कशी नीट दिसते, ते आज सांगायचं आहे.

आधी ही श्रेणींची भानगड समजून घेऊ. मुंबईकरांना कांगा लीग माहीत असते. भर पावसात, गुडघाभर गवतात खेळली जाणारी ही क्रिकेट स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. तिच्यात वेगवेगळे गट असतात. खालच्या गटात चांगली कामगिरी करणारा संघ पुढच्या वर्षी वरच्या गटात जातो आणि वरच्या गटातला कमकुवत संघ खाली उतरतो. म्हणजे गल्लीतला एखादा क्लब तळाच्या गटात असला, तरी तो वर्षावर्षाने पायऱ्या चढत सगळ्यात वर पोहोचू शकतो. निदान कागदावर तरी त्याला कोणी अडवू शकत नाही. साखळी स्पर्धेचा हाच मोठा गुण आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला चषक मिळतो आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा एका रेषेत उभे राहतात. दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्याला मात्र चषकापेक्षा मोठी गोष्ट मिळते. त्याला वरच्या घरात प्रवेश मिळतो.

अर्थात, हा प्रवेश सुखासुखी कोणी देत नाही. फुटबॉलची पहिली साखळी स्पर्धा इंग्लंडमध्ये १८८८ साली सुरू झाली आणि १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. या दुसऱ्या श्रेणीचा पहिला विजेता होता स्मॉल हीथ नावाचा संघ. पण जिंकूनही तो वर गेला नाही. त्या काळी नियम असा होता, की वरच्या श्रेणीत तळाला आलेल्या संघाशी एक कसोटी सामना खेळायचा आणि तो जिंकला तरच वर जायचं. स्मॉल हीथ त्या सामन्यात हरला. समोर वरच्या श्रेणीत शेवटचा आलेला न्यूटन हीथ होता, तो वाचला. पुढे स्मॉल हीथचा बर्मिंगहॅम सिटी झाला आणि न्यूटन हीथचा मँचेस्टर युनायटेड!

ही कसोटी सामन्यांची पद्धत फार काळ टिकली नाही. १८९८ साली स्टोक आणि बर्नली या दोन संघांचा असाच एक सामना झाला. बरोबरी झाली तर दोघांचंही भागणार होतं. मग काय, दोन्ही बाजूंनी गोल करण्याचं नावच काढलं नाही आणि सामना शून्य-शून्य सुटला. त्यावर गदारोळ झाला आणि नियम बदलला. खालच्या श्रेणीतले पहिले दोन संघ वर आणि वरच्या श्रेणीतले शेवटचे दोन खाली. ना कसोटी, ना कोणाची मेहेरबानी. तिथून पुढे तिथल्या कोणत्याही गावच्या संघाला आपला रस्ता ठाऊक झाला. आपल्याकडे नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांनंतर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर मात्र इतकं सरळ निघालं नाही.

भारतात फुटबॉल जुना आहे. ड्युरँड चषक १८८८ चा. मुंबईचा रोव्हर्स चषकही त्याच सुमाराचा. राज्यांच्या संघांसाठी संतोष करंडक १९४१ पासून आहे. पण या सगळ्या थोड्या दिवसांत उरकणाऱ्या स्पर्धा. देशभरच्या क्लबांनी महिनोनमहिने एकमेकांच्या गावी जाऊन खेळावं, अशी साखळी आपल्याकडे नव्हतीच. कोलकात्याची साखळी कोलकात्यापुरती, गोव्याची गोव्यापुरती. अखेर १९९६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी संघ तिचा पहिला विजेता ठरला. आणि दुसऱ्याच हंगामात, १९९७–९८ मध्ये, तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. शिडीच्या दोन पायऱ्या झाल्या.

या दुसऱ्या श्रेणीचं स्वरूप वरच्या श्रेणीसारखं नव्हतं. निरनिराळ्या राज्यांतले संघ गटागटांत विभागायचे, एखाद्या गावी जमवून त्यांचे सामने उरकायचे, आणि त्यातून निवडलेल्या संघांची अंतिम फेरी खेळवायची, असा साधारण शिरस्ता. प्रेक्षक थोडे, वर्तमानपत्रात बातमी चार ओळींची. इथे खेळणाऱ्यांत बँकांचे, पोलिसांचे, सरकारी कारखान्यांचे संघ असत आणि ज्यांची नावं बाहेर कोणी ऐकलेली नाहीत, असे गावोगावचे क्लबही असत.

२००७ साली राष्ट्रीय लीगचं रूपांतर आय-लीगमध्ये झालं. नाव बदललं, शिडी तीच राहिली. आणि पहिल्या काही वर्षांत तिने कामही चोख केलं. साळगावकरचं उदाहरण घ्या. १९९८–९९ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा हा गोव्याचा संघ आय-लीगच्या पहिल्याच हंगामात खाली घसरला. २००९ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २०१०–११ मध्ये थेट देशाचा विजेता झाला. पडलेला माणूस उठतो, हे दाखवणारं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही या शिडीशी चांगला संबंध आला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी हा संघ २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला आणि वर्षभरात वरच्या श्रेणीत कूपरेजच्या मैदानावर बड्या संघांशी झुंजू लागला. पुणे एफसीही त्याच वर्षी जन्मला, २००९ मध्ये वर चढला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२–१३ मध्ये तर तो उपविजेता होता. बालेवाडीच्या मैदानावर त्या वर्षांत जे सामने झाले, ते पाहणाऱ्यांना पुण्यात फुटबॉल रुजतोय, असंच वाटलं असेल. त्याच २००९ साली मेघालयचा शिलाँग लाजाँग वर आला. ईशान्य भारतातला वरच्या श्रेणीतला हा पहिला क्लब. पुढच्याच वर्षी तो खाली गेला आणि २०११ मध्ये पुन्हा वर आला. पडायचं, उठायचं, पुन्हा खेळायचं. शिडी असते ती यासाठीच.

पण शिडी चढणं एक आणि वर टिकून राहणं दुसरं. वरच्या श्रेणीत गेलं की खर्च एकदम वाढतो. शिलाँगहून गोव्याला, गोव्याहून कोलकात्याला विमानाने जायचं, परदेशी खेळाडू आणायचे, प्रकाशझोतांचं मैदान हवं, पगारी प्रशिक्षक हवेत. तिकिटांच्या विक्रीतून यातलं फारसं काही भागत नाही. बायचुंग भुतियाने आपल्या राज्यासाठी उभारलेला युनायटेड सिक्किम हा संघ २०१२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला आणि एका हंगामातच खाली गेला. ज्यांच्या पाठीशी मोठे उद्योग होते, तेही कंटाळले. २००५–०६ चा विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पहिला विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. म्हणजे देशाच्या विजेत्यांनाच जिथे दार लावून घ्यावं लागत होतं, तिथे दुसऱ्या श्रेणीतून धापा टाकत वर आलेल्यांची काय कथा!

फुटबॉलमध्ये पैसा आला पाहिजे, ही गरज म्हणूनच खरी होती. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग ही आठ संघांची नवी स्पर्धा उभी राहिली. झगमगाट होता, परदेशातले नामवंत खेळाडू होते, मैदानं भरली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण या नव्या घराला खालून येणारा जिनाच नव्हता. तिथे प्रवेश पैसे भरून मिळत होता, खालची स्पर्धा जिंकून नाही. आणि एकदा आत आलेल्याला बाहेर पडण्याची भीती नव्हती.

त्याच सुमाराला आय-लीगमध्येही एक वेगळी वाट काढण्यात आली होती. दुसऱ्या श्रेणीतून चढत येण्याऐवजी उद्योगसमूहांना थेट वरच्या श्रेणीत संघ उतरवता येऊ लागला. २०१३ मध्ये अशा रीतीने आलेला बेंगळुरू एफसी पहिल्याच वर्षी जिंकला आणि त्याने उत्तम क्लब कसा चालवावा, याचा धडाच घालून दिला. तेव्हा ही वाट सरसकट वाईट होती, असं म्हणता येणार नाही. पण तिच्यासोबत एक सवलत होती. थेट आलेल्या संघाला सुरुवातीला खाली घसरण्यापासून अभय होतं. २०१४–१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी असाच थेट आला आणि अकरा संघांत शेवटचा आला. नियमाप्रमाणे तो घसरायला हवा होता. घसरला त्याच्या वर असलेला धेंपो. राष्ट्रीय लीग दोनदा आणि आय-लीग तीनदा, असं एकूण पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो! आणि ज्याला वाचवलं, तो भारत एफसी त्या एका हंगामानंतर स्पर्धा सोडून गेला.

त्याच हंगामात तिसरा कोण आला, तेही पाहण्यासारखं आहे. शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह. हा २०१४ च्या दुसऱ्या श्रेणीचा विजेता. मुंबईच्या संतोष कश्यप यांच्या मार्गदर्शनाखाली या नवख्या संघाने भल्याभल्यांना घाम फोडला. पण वर्षाअखेरीस याही संघाने माघार घेतली. पुढे काय होणार, या स्पर्धेचं भवितव्य काय, हेच कळत नसेल तर पैसा ओतायचा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल चुकीचा होता, असं कोण म्हणेल?

आता या कहाणीतला सगळ्यात विलक्षण भाग. २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता होता मिझोरामचा ऐझॉल एफसी. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या साधारण अकरा लाख. आपल्याकडे एखाद्या मोठ्या शहरात याहून अधिक माणसं राहतात. पण तिथे फुटबॉल घरोघरी आहे. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची राज्य साखळी सुरू केली, स्थानिक वाहिनीने तिचे सामने दाखवले आणि २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडकही जिंकला. म्हणजे ऐझॉल हा संघ आभाळातून पडलेला नव्हता. खालची जमीन आधी नांगरलेली होती.

२०१५–१६ मध्ये ऐझॉल वरच्या श्रेणीत खेळला आणि नऊ संघांत आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, तोही थेट प्रवेशाने आलेला. पुन्हा तेच घडलं. शेवटचा आलेला संघ वाचला आणि आठवा आलेला ऐझॉल घसरला. सलग दोन वर्षं पुण्याच्या दोन संघांना अभय मिळालं आणि त्याची किंमत एकदा गोव्याने मोजली, एकदा मिझोरामने. महाराष्ट्राचे म्हणून या संघांचं आपल्याला कौतुक असेल, पण हा हिशेबही आपणच लक्षात ठेवायला हवा.

इकडे त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत काय झालं? खाली गेलेल्या धेंपोने ती जिंकली. म्हणजे शिडीच्या नियमाने धेंपो पुन्हा वर जाणार होता. पण २०१६ च्या मे-जूनमध्ये महासंघाने पुढचा आराखडा मांडला, त्यात सुपर लीग सर्वांत वर आणि आय-लीग तिच्या खाली, अशी रचना होती. गोव्याचे क्लब संतापले. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. ज्या घरात जाण्यासाठी वर्षभर खालच्या श्रेणीत घाम गाळला, ते घरच आता तळमजल्यावर जाणार, असं कळल्यावर जिंकलेल्या प्रवेशाचं मोल काय राहिलं? दुसऱ्या श्रेणीचा विजेता जिंकूनही वर गेला नाही. १८९३ चा स्मॉल हीथ निदान मैदानात हरला होता.

गोव्याचे संघ गेल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि घसरलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. त्यांनी प्रशिक्षक म्हणून आणलं खालिद जमील यांना. जमील यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी अशी मुंबईतच गेली. पुढे मुंबई एफसीला थोडक्या पैशांत, साध्या खेळाडूंना घेऊन, वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत टिकवून धरण्याचं अवघड काम त्यांनी केलं. तिथून ते बाहेर पडले ते ऐझॉलला पोहोचले. घसरलेला संघ आणि मोकळा झालेला प्रशिक्षक, अशी ही जोडी.

२०१६–१७ च्या हंगामात या जोडीने जे केलं, ते भारतीय फुटबॉलमध्ये आधी घडलं नव्हतं. एप्रिलमध्ये आपल्या डोंगरातल्या मैदानावर त्यांनी मोहन बागानला एका गोलने हरवलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना होता, प्रतिस्पर्धी शिलाँग लाजाँग. बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच ऐझॉलवर गोल झाला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान जिंकण्याच्या वाटेवर. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला याने बरोबरीचा गोल केला आणि ऐझॉल ३७ गुणांवर पोहोचला. मोहन बागानचे ३६ झाले. ईशान्य भारतातला एक क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता ठरला. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने असाच चमत्कार केला होता, तोही दुसरी श्रेणी २०१३–१४ मध्ये जिंकून वर आलेला. साहजिकच सगळ्यांनी ऐझॉलला भारताचं लेस्टर म्हटलं. पण एक फरक राहिलाच. लेस्टर विजेता झाला तेव्हा त्याच्या वर कोणी नव्हतं. ऐझॉल विजेता झाला तेव्हा वरचा मजला आधीच बांधून झाला होता आणि त्याला जिना नव्हता.

विजयानंतर महिनाभरातच ऐझॉलला आम्हाला सर्वोच्च स्पर्धेत घ्या, म्हणून दाद मागावी लागली. उपोषणाला बसू, असा इशाराही त्यांनी दिला. विजेत्याने उपोषणाची भाषा करावी, हे खेळाच्या इतिहासात फार वेळा घडलं नसेल. २०१७ मध्ये सुपर लीग आठवरून दहा संघांची झाली, पण तिथे गेले बेंगळुरू एफसी आणि जमशेदपूरचा नवा संघ, तेही निविदेच्या मार्गाने. ऐझॉल होता तिथेच राहिला.

तरीही खालून वर येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१६–१७ ची दुसरी श्रेणी मणिपूरच्या नेरोकाने जिंकली आणि पुढच्याच वर्षी तो आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. त्या वर्षीचा विजेता मिनर्व्हा पंजाब, म्हणजे २०१५–१६ च्या दुसऱ्या श्रेणीत धेंपोपाठोपाठ आलेला संघ. २०१७–१८ ची दुसरी श्रेणी जिंकली रिअल काश्मीरने. २०१४ च्या महापुरानंतर तिथल्या तरुणांना काहीतरी करायला हवं, या विचारातून हा संघ उभा राहिला होता. वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, पुलवामानंतरच्या तणावात काही सामन्यांवर सावट येऊनही, तो तिसरा आला. २०१८–१९ मध्ये मणिपूरचाच ट्राऊ जिंकला आणि दोन वर्षांत तोही आय-लीगमध्ये तिसऱ्या स्थानावर पोहोचला. ही यादी नीट पाहा. ऐझॉल, नेरोका, रिअल काश्मीर, ट्राऊ. दुसऱ्या श्रेणीतून आलेले हे संघ वर येऊन रडतखडत टिकले नाहीत, ते पहिल्या तिघांत आले. खालच्या पायरीवर गुणवत्ता नव्हती, असं म्हणायला यानंतर कोणालाच जागा उरली नाही.

अखेर आशियाई फुटबॉल महासंघाला लक्ष घालावं लागलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला बैठक झाली आणि आराखडा ठरला. सुपर लीग ही देशाची सर्वोच्च स्पर्धा. २०२२–२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला कोणतंही शुल्क न घेता तिच्यात प्रवेश. आणि २०२४–२५ पासून वर जाणं आणि खाली येणं दोन्ही पूर्णपणे लागू करण्याची शिफारस. अशा रीतीने पंधरा वर्षं पहिली असलेली आय-लीग अधिकृतपणे दुसरी झाली. हा बदल आय-लीगच्या क्लबांना कडू वाटला असेल, पण त्यांना एक गोष्ट मिळाली, जी ऐझॉलला मिळाली नव्हती. दार उघडलं.

या नव्या अर्थाने दुसऱ्या श्रेणीचा पहिला विजेता ठरला पंजाब एफसी, २०२२–२३ मध्ये. हा तोच जुना मिनर्व्हा, मालक आणि नाव बदललेला. तो सुपर लीगमध्ये गेला. पुढच्या वर्षी जिंकला मोहम्मेडन स्पोर्टिंग. १८९१ साली स्थापन झालेला, १९३४ मध्ये कोलकाता साखळी जिंकणारा पहिला भारतीय संघ! नव्वद वर्षांपूर्वी ज्याने गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडली, त्या संघालाही वर जाण्यासाठी दुसरी श्रेणी जिंकावी लागली, आणि त्याने ती जिंकली. यात कमीपणा काहीच नाही, उलट शिडीची शान आहे. वर गेल्यावर मोहम्मेडनचे हाल झाले. २०२४–२५ मध्ये तो तेरा संघांत शेवटचा आला. पण घसरला नाही, कारण खाली जाण्याचा नियम अजून लागूच झाला नव्हता.

म्हणजे वर जाण्याचं दार उघडलं, खाली येण्याचं बंदच राहिलं. आठ संघांनी सुरू झालेली सुपर लीग अशी वाढत तेरावर गेली. वरचा मजला असा नुसता भरत राहिला, तर एक दिवस तिथे जागा उरणार नाही आणि मग वर जाण्याचं दारही आपोआप बंद होईल. घसरण्याची भीती ही शिक्षा नसते. तीच शिडी हलती ठेवते. गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या दोन संघांचा शेवटच्या आठवड्यातला सामनाही जीव तोडून खेळला जातो, तो याच भीतीपोटी.

दार उघडल्यावर त्याचं मोल किती वाढतं, ते २०२४–२५ च्या हंगामाने दाखवलं. आय-लीग संपली तेव्हा विजेता कोण, हेच ठरेना. एका सामन्यात अपात्र खेळाडू खेळवल्याची तक्रार, त्यावर निकाल, त्यावर अपील. एप्रिल २०२५ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित करण्यात आलं. इंटर काशी हा संघ स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला आणि जुलैमध्ये लवादाने निकाल फिरवून इंटर काशीला विजेता ठरवलं. मैदानावरचा निकाल लोझानच्या कचेरीत लागावा, हे कोणालाच भूषणावह नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्या श्रेणीचा विजेता कोण, याची फारशी कोणी चौकशी करत नव्हतं. आता त्यासाठी लोक सातासमुद्रापार भांडायला गेले, ते प्रवेशाला अर्थ आला म्हणून. त्याच वर्षाच्या डिसेंबरात २०१० चा तो पंधरा वर्षांचा करार संपला. नव्या व्यवस्थेच्या घोळात सुपर लीगचाच हंगाम लांबला. ज्यांनी वरच्या मजल्यासाठी पैसे मोजले होते, त्यांनाही मग कळलं, की अनिश्चितता म्हणजे काय असते. वाहिंगडोहने दहा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आता सगळ्यांचाच झाला.

महाराष्ट्राच्या खात्यावर यातून काय जमा राहिलं? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गेला. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये गेले. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. दुसरी श्रेणी जिंकून वर आलेला मुंबई एफसी त्याच वर्षी खाली घसरला आणि दिसेनासा झाला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने असले की गर्दी मावत नाही. अनिकेत जाधवसारखा तिथला मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. गुणवत्ता आहे, प्रेम आहे. मिझोरामकडे याहून जास्त काय होतं? त्यांच्याकडे स्वतःची चांगली चाललेली साखळी होती आणि तिथून वर नेणारी वाट त्यांनी धरून ठेवली. पेठेच्या संघावर जीव टाकणाऱ्या माणसाला, आपला संघ एक दिवस देशाच्या मैदानावर जाऊ शकतो, एवढं खरं वाटलं पाहिजे. ते खरं वाटावं यासाठी दुसरी श्रेणी, तिच्या खालची तिसरी, आणि त्यांच्यामधला जिना नीट ठेवावा लागतो.

खालिद जमील यांना २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद मिळालं. घसरलेल्या ऐझॉलला घेऊन जो माणूस वर गेला, त्याचं मोल देशाला कळायला आठ वर्षं लागली. आणि धेंपो? २०१६ मध्ये रागावून निघून गेलेला हा पाच वेळचा विजेता कायमचा संपला, असं अनेकांनी धरलं होतं. पण त्यांनी गोव्याच्या साखळीत खेळणं सोडलं नाही. २०२३–२४ मध्ये ते तिसऱ्या पायरीवरच्या स्पर्धेत उतरले, तिथे बेंगळुरूच्या एका क्लबमागोमाग दुसरे आले आणि आय-लीगमध्ये परतले. कोणी त्यांना थेट जागा दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. ज्या पायऱ्या पूर्वी एकदा चढून झाल्या होत्या, त्याच ते पुन्हा तळापासून चढून आले.